इथे खाली पेव आहे

२० सप्टेंबर २०२४ ची ती चित्रफीत बहुतेकांनी पाहिली असेल. पुण्याच्या बुधवार पेठेत, सिटी पोस्टाच्या आवारात, दुपारी चारच्या सुमाराला महापालिकेचा ड्रेनेज सफाईचा ट्रक उभा आहे. आधी मागची चाकं खाली बसतात. मग पेव्हर ब्लॉकची फरशी पापडासारखी मोडते, ट्रकचं तोंड आभाळाकडे होतं आणि बघता बघता अख्खा ट्रक उभ्याच्या उभा जमिनीत जातो. चालक वाचला. ट्रक नंतर क्रेननं वर काढला. अनंत चतुर्दशी होऊन तेव्हा तीनच दिवस झाले होते. विसर्जनाच्या मिरवणुकीत याच भागातल्या रस्त्यांवर लाखो माणसं चालून गेली होती.

दिवाळी अंकासाठी संपादकांनी ‘पायाखालची जमीन’ हा विषय कळवला, तेव्हा सगळ्यात आधी हा ट्रक आठवला आणि त्याच्या मागोमाग आजोळच्या वाड्यातला एक कोपरा. त्या कोपऱ्याबद्दल पुढे सांगेन. आधी पोस्टात गेले.

झाकलेली विहीर

लक्ष्मी रस्त्याची गर्दी, हातगाड्या, फाटकाशी रजिस्टर पाकिटं घेऊन उभी असलेली माणसं. पुण्यातलं हे रोजचंच दृश्य. घटनेच्या दिवशी पहिला संशय मेट्रोवर गेला होता, कारण तिचा भुयारी मार्ग याच जुन्या पेठांखालून जातो. प्राथमिक पाहणीनंतर मात्र वेगळंच सांगण्यात आलं: त्या जागी पूर्वी विहीर होती, ती झाकली गेली आणि झाकणावर फरसबंदी झाली.

ऐकून नवल वाटलं नाही, तरी अंगावर काटा आला. तीन वर्षं आधी, १३ जून २०२१ ला मुंबईत घाटकोपर पश्चिमेला एका सोसायटीच्या आवारात उभी असलेली मोटार अशीच नाकाकडून पाण्यात गेली होती. तिथेही विहीरच होती. निम्म्या विहिरीवर सिमेंट काँक्रीटचा स्लॅब घालून वर गाड्या लावायची सोय केली होती. पावसाचा जोर झाला आणि तो स्लॅब गेला. मोटारीत कोणी नव्हतं.

विहीर झाकणं आणि विहीर बुजवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला एका वयस्क गवंड्यानं समजावून दिलं. बुजवायची तर आधी पाणी उपसायचं, तळाचा गाळ काढायचा, खाली मोठे दगड, त्यावर लहान दगड, मग मुरूम. मुरूमही एकदम लोटायचा नाही. थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायचं, मग दुसरा थर. काम वेळखाऊ आणि खर्चिक. त्यामुळे होतं असं, की पाडलेल्या वाड्याचा राडारोडा, लाकडं, निर्माल्य, जे हाताशी असेल ते आत ढकललं जातं. लाकूड कुजतं, राडारोडा हळूहळू दबतो आणि माथ्याजवळ पुन्हा पोकळी तयार होते. स्लॅब घातला असेल तर त्याचं दुखणं आणखी आतलं. विहिरीतला दमट वारा चोवीस तास स्लॅबच्या पोटाला लागत असतो. सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की खालचं काँक्रीट खपलीसारखं सुटतं. वरून पाहणाऱ्याला फरशी शाबूत दिसते. स्लॅब घालणारा माणूस तोवर निवृत्त झालेला असतो किंवा हयात नसतो, आणि जागेची मालकी दोनदा बदललेली असते.

शहराच्या खालचं शहर

पुण्याच्या पोटात नुसत्या विहिरीच नाहीत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी नळानं शहरात आणलं गेलं. नळ म्हणजे लोखंडी पाइप नव्हे. जमिनीखालून बांधून काढलेला, जागोजाग माणूस आत शिरू शकेल एवढा भुयारी मार्ग. पंप नाही, काही नाही. नुसत्या उतारावर पाणी पेठांमधल्या हौदांपर्यंत पोहोचायचं. वाटेत हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून उच्छ्वास बांधलेले. काळा हौद, सदाशिव पेठ हौद ही नावं पुणेकर आजही चौकाची खूण म्हणून सांगतात. हौदाची आठवण नावापुरती उरली आणि हौदापर्यंत येणारा मार्ग कुठून जातो हे विसरलं गेलं.

किती विसरलं गेलं, ते मार्च २०१९ मध्ये दिसलं. स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना खाली अचानक एक जुना बोगदा लागला. जुन्या पाणीपुरवठ्याचा भाग. इतकी वर्षं त्याच्या डोक्यावरून शहरातली सगळ्यात जड वाहतूक जात होती आणि तो उभा होता, ही त्या बांधकामाची थोरवी. पण तिथे तो आहे हे खोदणाऱ्यांना यंत्राचा दात लागल्यावर कळावं, याचं दुःख त्याहून मोठं वाटतं. जुन्या कारागिरांनी आपलं काम चोख केलं. नंतरच्यांनी निदान त्याची रेघ नकाशावर ओढून ठेवायला हवी होती.

माती कुठे जाते

जमीन एका क्षणात गिळते असं दिसतं, पण तिची तयारी कितीतरी आधीपासून चालू असते.

समजा, रस्त्याखाली पंधरा फुटांवर सांडपाण्याची जुनी वाहिनी आहे आणि तिचा एक सांधा सुटलाय. पाऊस पडतो, पाणी मुरतं, त्या फटीकडे ओढलं जातं. जाताना बरोबर चिमूटभर माती नेतं. वाहिनीतलं पाणी वाहतं असल्यामुळे ती माती पुढे निघून जाते. फटीच्या वर लिंबाएवढी पोकळी. पुढच्या पावसाळ्यात नारळाएवढी. मग पोकळीचं छत ढासळतं, ढासळलेली मातीही वाहून जाते आणि पोकळी वर सरकते. अशी ती हळूहळू वर चढत रस्त्याच्या डांबरापर्यंत येते. डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक यांना थोडी स्वतःची ताकद असते. खाली काही नसतानाही ते काही काळ पुलासारखे तरंगतात. मग एके दिवशी एखादं जड वाहन येतं.

यात वाहनाचा दोष नसतो आणि पावसाचाही नसतो. दोष त्या सुटलेल्या सांध्याचा.

जपानमध्ये टोकियोजवळच्या साइतामा प्रांतात याशिओ नावाचं शहर आहे. २८ जानेवारी २०२५ च्या सकाळी तिथल्या चौकात रस्ता खचला आणि एक ट्रक आत गेला. खाली साधारण दहा मीटरवर पावणेपाच मीटर व्यासाची सांडपाण्याची वाहिनी होती, सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची. सांडपाण्यातून उठणाऱ्या वायूचं वाहिनीच्या माथ्यावर आम्ल होतं आणि ते काँक्रीट खातं. खड्डा मोठा होत गेला, मदतकार्य थांबवावं लागलं, आणि बारा लाख लोकांना आंघोळ-धुणं कमी करा अशी विनंती करावी लागली, कारण त्यांच्या घरातून निघणारं पाणी त्याच वाहिनीतून त्या खड्ड्याकडे येत होतं. ट्रकचा चालक वृद्ध होता. त्याचा देह हाती लागायला मे महिना उजाडला. पुण्यातला चालक आणि हा चालक. दोघांचाही ट्रक, दोघांखालची तशीच पोकळी; एक घरी गेला, एक गेला नाही. ही बातमी मी पुन्हा पुन्हा वाचत असे.

त्याच देशातली दुसरी गोष्टही सांगायला हवी. फुकुओका शहरात ८ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे भुयारी रेल्वेचं खोदकाम चालू होतं. आत पाणी शिरताना कामगारांना दिसलं. ते बाहेर पडले, वरची वाहतूक बंद करण्यात आली आणि थोड्याच वेळात हाकाता स्थानकाजवळचा अख्खा रस्ता, पाचही मार्गिकांसकट, खाली बसला. एकही माणूस गेला नाही. पाणी दिसलं म्हणजे माती निघाली, एवढी अक्कल जागेवर असली की माणसं वाचतात.

आपल्याकडे खूण ओळखायची तर याच पद्धतीनं. तोच एक खड्डा दर पावसाळ्यात बुजवूनही पुन्हा बसत असेल, पेव्हर ब्लॉक बशीसारखे खोलगट होत असतील, साचलेलं पाणी उतार नसताना गुपचूप नाहीसं होत असेल, चेंबरमधून स्वच्छ दिवसात गढूळ पाणी वाहत असेल, तर वर डांबर ओतून काही होणार नाही. जमिनीत रडारच्या लहरी सोडून पोकळी शोधणारी यंत्रं आहेत. पण ओल्या, चिकण जमिनीत त्या लहरी फार खोल जात नाहीत, विरून जातात. आणि आपली काळी माती पावसाळ्यात तशीच असते. यंत्राची भिस्त तिथे अपुरी पडते आणि जुना कागद, जुना माणूस कामाला येतो.

एक फरक इथे सांगितला पाहिजे. जगातली मोठी नैसर्गिक विवरं बहुतेक चुनखडीच्या किंवा मिठाच्या प्रदेशातली असतात, कारण हे खडक पाण्यात विरघळतात. तुर्कस्तानच्या कोन्या पठारावर अशा विवरांना ‘ओब्रुक’ म्हणतात. शेतीसाठी भूजलाचा उपसा वाढला, पाण्याचा आधार गेला, आणि तिथे शेतात नवी ओब्रुकं पडू लागली. महाराष्ट्राचा बहुतांश भाग मात्र काळ्या पाषाणाचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो पाण्यात विरघळत नाही. म्हणजे आपल्या पायाखाली जी पोकळी सापडते, ती बहुतेक वेळा कोणीतरी केलेली असते. कोणाच्या तरी हातानं खणलेली, बांधलेली, उपसलेली.

हरिपूरची हळद

सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. हळदीची पेवं इथली. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार: तोंड एक माणूस उतरेल एवढं अरुंद, आत रांजणासारखं फुगलेलं पोट, खोली वीस-पंचवीस फूट. नदीकाठची इथली माती अशी घट्ट की भिंतीला विटेचा आधार लागत नाही आणि पाणीही पाझरत नाही. तळाला आणि कडेला वैरण, चटया लावून आत हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून बंद करायचं. कीड लागत नाही, वर्षानुवर्षं हळद टिकते. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. तो या कोठारातून आला आहे.

पेव उघडायची एक रीत आहे आणि ती मोडली तर जीव जातो. आतल्या हवेत प्राणवायू उरलेला नसतो. तोंड उघडून काही तास तसंच ठेवायचं, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. २००५ च्या महापुरात इथल्या पेवांत पाणी शिरलं, पुष्कळशी ढासळली, आणि तिथून हा व्यवसाय ओसरत गेला. आता हळद गोदामात आणि शीतगृहात जाते.

हरिपूरच्या शिवारातून चालताना मी पाय जपून टाकत होते. गावकऱ्यांना त्याचं हसू आलं नाही. पेवाची जागा कुठली आणि मोकळं रान कुठलं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पोरांना तिकडे जाऊ देत नाहीत, गाडी त्या अंगानं वळवत नाहीत. जोवर पेव भरलं जात होतं, तोवर त्याची जागा विसरणं शक्यच नव्हतं, कारण त्यात पैसा होता. वापर थांबला की आठवण एका पिढीची सोबतीण राहते.

माझ्या आजोळच्या वाड्यातही पेव होतं, जोंधळ्याचं. मी पाहिलं तेव्हा ते कधीचंच रिकामं, तोंडावर दगड, दगडावर माती. आम्ही मुलं सोप्यासमोर खेळायचो तेव्हा आजी ओरडायची, “पोरांनो, दुसऱ्या खांबापासनं सात पावलं, उगवतीला. तिकडं नाचायचं न्हाई.” दर सुट्टीत पहिल्या दिवशी ती आम्हाला हाताला धरून ती सात पावलं चालून दाखवायची. आजी १९९८ मध्ये गेली. वाडा पडला. जागा मामांनी गावातल्याच एकाला विकली.

घुग्घुस

चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात घुग्घुस आहे. कोळसा, सिमेंट आणि लोखंड यांवर जगणारं गाव. झाडांच्या पानांवर काळी पूड, रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग. इथल्या अमराई वॉर्डात २६ ऑगस्ट २०२२ ला एक घर जमिनीत गेलं. घरच्यांना जमीन हादरल्यासारखी वाटली, म्हणून ते बाहेर आले. त्यानंतर घर साठ-सत्तर फूट खाली गेलं. मागे उरला खड्डा. आजूबाजूची घरं रिकामी करावी लागली. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती.

भूमिगत खाणीत कोळसा सगळा काढत नाहीत. बोगदे आडवे-उभे खणतात आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब राखतात. छत त्या खांबांवर तोललेलं असतं. नंतर खांबही काढायचे असतील तर मोकळ्या जागेत नदीची वाळू पाण्याबरोबर पाइपातून सोडून भरतात. वाळू नीट भरली तर वरचं गाव सुखरूप. कमी पडली, किंवा राखलेले खांब काळानं झिजले, पाण्यानं तळ मऊ पडला, तर छत ढासळू लागतं. खाण बंद झाल्यावर दहा वर्षांनी ढासळेल, नाहीतर पन्नास वर्षांनी.

ढासळलं तरी ते प्रत्येक वेळी वरपर्यंत का पोहोचत नाही, याचं उत्तर आपल्या ओळखीचं आहे. खड्डा खणून काढलेली माती त्याच खड्ड्यात परत टाकली तर ढीग उरतो. तुटलेला दगडही तसाच फुगतो, जास्त जागा व्यापतो. खाण खोल असली तर छताचा ढिगारा फुगत फुगत पोकळी स्वतःच भरून टाकतो आणि वर कोणाला काही कळत नाही. खाण उथळ असली तर मधे तेवढा दगडच नसतो. पोकळी घराच्या जोत्यापर्यंत येते.

खाणीत अनेक वर्षं काढलेल्या एका कामगारानं छत ऐकायचं कसं ते सांगितलं. काठीनं ठोकायचं. टणक आवाज आला तर छत भरीव. भद्द आवाज आला, तर थर सुटलाय, मागे सरायचं. आणि लाकडी टेका लोखंडी टेक्यापेक्षा भला, कारण लाकूड मोडण्याआधी करकरतं. खाली काम करणाऱ्याला निदान ती करकर ऐकू येत असे. वर भाकरी थापणाऱ्या बाईला काय ऐकू येणार?

खाण बंद करताना तिचा अखेरचा नकाशा खाणसुरक्षेच्या धनबादच्या महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. म्हणजे कागद असतो. अडचण अशी, की तो कागद जिथे असतो तिथे घर बांधणारा माणूस जात नाही, आणि घर बांधणारा जिथे जातो तिथे तो कागद नसतो. तलाठ्याकडे सातबारा मिळतो, शहरात मालमत्ता पत्रक मिळतं. जमीन किती, कोणाची, बोजा कोणता, हे सगळं त्यात. खाली पोकळ आहे का, यासाठी रकाना नाही. मला वाटतं तो असावा. बुजवलेली विहीर, जुना नळ, पेव, खाणीचा बोगदा, यांतलं जे माहीत असेल ते जागेच्या कागदावर चढलं पाहिजे, आणि जागा विकताना ते सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक असलं पाहिजे. यासाठी कुठलंही नवं यंत्र लागत नाही.

सात पावलं

घुग्घुसहून परत येताना गाडीतूनच मामेभावाला फोन लावला. जागा घेणाऱ्यानं तिथे घर बांधायला काढलंय का, विचारलं. पुढच्या महिन्यात पाया खणणार, म्हणाला. पेवाचं त्याला सांगितलंस का? पलीकडे जरा वेळ शांतता. “अगं, मलाच कुठं नीट ठाऊक आहे,” तो म्हणाला.

पुढच्या रविवारी गावी गेले. वाड्याचं दगडी जोतं अजून जागेवर होतं, घाणेरी माजलेली. खांब नव्हते, पण खांबांच्या तळाचे घडीव दगड सापडले. दुसऱ्या दगडाशी उभी राहून मी उगवतीकडे सात पावलं टाकली आणि थेट कुंपणात गेले. आजी ठेंगणी होती, हे ध्यानातच आलं नव्हतं. मग मामीला बोलावलं. मामी उंचीनं आजीएवढी, नऊवारीत, आता गुडघे दुखतात. “सासूबाई अशा चालायच्या,” म्हणून तिनं पदर खोचला आणि एकेक पाऊल टाकत ती सातव्यावर थांबली.

गवंड्यानं पहार घेतली. पहिल्या ठोक्याला मुरूम. दोन हात सरकून दुसऱ्याला मुरूमच. तिसऱ्या ठोक्याला आवाज बदलला. वीतभर खाली पहार दगडावर वाजली, आणि त्या दगडाखालून तो आवाज पुन्हा एकदा, थोडा उशिरा, वर आला.

नव्या मालकानं कोणाला काही विचारलं नाही. घमेल्यातून चुना आणून त्यानं जागेभोवती गोल रेघ ओढली, खांबाच्या दगडापासून टेपनं अंतर घेतलं आणि घराच्या नकाशावर पेन्सिलीनं लिहिलं: इथे खाली पेव आहे. मग मामीला विचारलं, खोल किती असेल. मामी म्हणाली, “माझं लगीन झालं त्या साली त्यात तीस पोती जोंधळा मावला होता.” त्यानं तेही लिहून घेतलं.